ना देश, ना दाद

दक्षिण दिल्लीतील वसंत विहार ही परदेशी वकिलातींची, उंच कुंपणांची आणि भर दुपारीही शांत असणाऱ्या रस्त्यांची वसाहत. तेथील संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्त कार्यालयाच्या, म्हणजे यूएनएचसीआरच्या, दारापाशी मात्र अधूनमधून गर्दी जमते. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेले तेव्हा दिल्लीतील अफगाणांनी याच दारापुढे ठाण मांडले होते. एरवीही येथे रोज कोणी ना कोणी कागदांची पिशवी छातीशी धरून येतो आणि मुलाखतीची तारीख घेऊन परततो. या दारातून एक तर निर्वासित असल्याचे कार्ड मिळते किंवा नकाराचे पत्र. कार्ड मिळालेल्यांविषयी आपल्याकडे बरेच बोलले आणि लिहिले गेले आहे. नकाराचे पत्र घेऊन बाहेर पडणाऱ्याचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र आपल्या कायद्याने आजवर स्वतःला विचारलेलाच नाही.

या प्रश्नाची धार सर्वांत तीव्रपणे लागते ती नागरिकत्वहीन पॅलेस्टिनींना. अफगाणाला नकार मिळाला तर निदान नकाशावर बोट ठेवून ‘हा तुझा देश’ असे म्हणता येते. मग तो देश कितीही धोक्याचा का असेना. लेबनॉनमधील छावणीत किंवा इराकमध्ये जन्मलेल्या पॅलेस्टिनीच्या बाबतीत तेही म्हणता येत नाही. त्याचे आजोबा १९४८ मध्ये ज्या गावातून निघाले, ते गाव आज इस्रायलमध्ये असते. ज्या देशात त्याचा जन्म झाला, त्या देशाने त्याला नागरिक मानलेले नसते. आणि ज्या देशातून तो पळाला, तेथील निवासाचा परवाना एकदा संपला की पुन्हा मिळत नाही. त्याला ‘परत’ पाठवायचे तर नेमके कोठे, याचे उत्तर कोणत्याही सरकारी फाईलमध्ये सापडत नाही.

दिल्लीला हा अनुभव नवा नाही. २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर आक्रमण केले तेव्हा त्या देशात सुमारे ३४ हजार पॅलेस्टिनी राहत होते. सद्दाम हुसेन यांच्या राजवटीचे लाडके म्हणून त्यांच्यावर सूड उगवला जाऊ लागला आणि बगदादमधील त्यांच्या वस्त्या रिकाम्या होऊ लागल्या. सीरियाच्या हद्दीवरील अल् तन्फ आणि अल् वालिद येथे शेकडो कुटुंबे वाळवंटात तंबू ठोकून अडकून पडली. यांतील काही कुटुंबे त्या दशकात दिल्लीपर्यंत पोचली. यूएनएचसीआरने त्यांची नोंद केली आणि तिसऱ्या देशात पुनर्वसन हाच त्यांच्यापुढचा खरा मार्ग ठरला. भारत त्यांच्यासाठी प्रतीक्षालय होते. प्रतीक्षालयात गाडी येईपर्यंत कोणी कोणाला उठवत नाही, हे खरे. पण ज्याचे तिकीटच नाकारले गेले, त्याने कोठे बसायचे?

या प्रश्नाचे मूळ आपल्या व्यवस्थेच्या रचनेत आहे. १९५१ चा निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करार आणि १९६७ चा त्याचा पूरक मसुदा या दोहोंवर भारताने स्वाक्षरी केलेली नाही. नागरिकत्वहीनांविषयीचे १९५४ आणि १९६१ चे करारही भारताने स्वीकारलेले नाहीत. आश्रय कोणाला द्यावा याविषयी देशात स्वतंत्र कायदा नाही. तिबेटी आणि श्रीलंकन तमिळ यांची जबाबदारी केंद्र सरकार थेट सांभाळते. अफगाणिस्तान, म्यानमार, सोमालिया, इराक अशा ठिकाणांहून दिल्लीत येणाऱ्यांची छाननी यूएनएचसीआर करते. १९८१ पासून ही संस्था दिल्लीत सलग काम करीत आहे आणि १९९५ पासून भारत तिच्या कार्यकारी समितीचा सदस्य आहे. म्हणजे संस्थेचा कारभार कसा चालावा हे ठरविणाऱ्या मंडळात भारत बसतो. परंतु ती ज्या कराराच्या आधारे निर्णय घेते, तो करार भारत मानत नाही. या विसंगतीवर आजवर सोयीचे पांघरूण घालण्यात आले आहे.

यूएनएचसीआरची पद्धत थोडक्यात अशी. अर्जदाराची नोंद होते, तात्पुरता कागद मिळतो, सविस्तर मुलाखत होते आणि निर्णय कळविला जातो. नकार आला तर साधारण ३० दिवसांत अपील करता येते. हे अपील त्याच संस्थेतील दुसरा अधिकारी पाहतो. तेथेही नकार आला की फाईल बंद होते. अपवादात्मक परिस्थितीतच ती पुन्हा उघडते. संस्थेचे अधिकारी प्रशिक्षित असतात आणि आपल्या परीने काळजी घेतात, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु चूक कोणाच्याही हातून होते. दुभाषाने चुकीचा शब्द घातला, तारखा जुळल्या नाहीत, भेदरलेल्या माणसाने महत्त्वाची गोष्ट सांगितलीच नाही, अशा कारणांनी दावा अविश्वसनीय ठरू शकतो. म्हणूनच ज्या ज्या देशांत आश्रयाचा कायदा आहे, तेथे शेवटचा शब्द निर्णय घेणाऱ्या खात्याचा नसतो. बाहेरच्या न्यायाधीशाचा असतो.

दिल्लीत तो बाहेरचा न्यायाधीश मिळत नाही. १९४७ च्या संयुक्त राष्ट्रे विशेषाधिकार व संरक्षण कायद्यान्वये संयुक्त राष्ट्रांना आणि त्यांच्या अंगभूत संस्थांना भारतीय न्यायालयांच्या प्रक्रियेपासून संरक्षण आहे. त्यामुळे ‘यूएनएचसीआरने माझा दावा चुकीचा फेटाळला’ असे म्हणून राज्यघटनेच्या २२६ व्या अनुच्छेदाखाली उच्च न्यायालयात रिट दाखल करण्याची वाट बंद आहे. तो सरकारकडे गेला, तर सरकारने त्याचा आश्रयाचा दावा फेटाळलेलाच नसतो, कारण तो कधी ऐकलेलाच नसतो. न्यायालयीन पुनर्विलोकनाला पहिली गरज असते ती निर्णयाची. येथे ज्याने निर्णय घेतला, तो न्यायालयाच्या कक्षेबाहेर. आणि जो न्यायालयाच्या कक्षेत आहे, त्याने निर्णयच घेतलेला नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो तो असा.

न्यायालयांनी या बाबतीत काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. राज्यघटनेचे १४ वे आणि २१ वे अनुच्छेद ‘नागरिक’ हा शब्द वापरत नाहीत, ‘व्यक्ती’ हा शब्द वापरतात. याच आधारावर सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी १९९६ रोजी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या याचिकेवर अरुणाचल प्रदेशातील सुमारे ६५ हजार चकमांच्या जीविताचे रक्षण करण्याचा आदेश त्या राज्याला दिला. १९९२ मध्ये अंदमानात अडकलेल्या २१ ब्रह्मदेशीयांची हकालपट्टी सर्वोच्च न्यायालयाने रोखली, ती त्यांच्या निर्वासितपणाचा निर्णय यूएनएचसीआरला करता यावा म्हणून. १९९८ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने दोन इराकी आश्रयार्थींच्या बाबतीत, जिवाला धोका आहे तेथे माणसाला परत न धाडण्याचे तत्त्व २१ व्या अनुच्छेदात सामावलेले आहे, असे म्हटले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दोन चिन निर्वासितांच्या प्रकरणात हेच तत्त्व पुढे नेले आणि त्यांचे म्हणणे ऐकून, यूएनएचसीआरशी विचारविनिमय करून मग निर्णय घ्यावा, असे परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या विभागीय कार्यालयाला सांगितले. मे २०२१ मध्ये मणिपूर उच्च न्यायालयाने नंदिता हक्सर यांच्या याचिकेवर म्यानमारच्या सात नागरिकांना दिल्लीत यूएनएचसीआरकडे जाण्याची वाट मोकळी करून दिली.

हे सारे निर्णय स्वागतार्ह आहेत. परंतु ते एका ओळीत मांडून पाहिले म्हणजे त्यांतील एक समान धागा दिसतो. चकमांचे प्रकरण वगळता प्रत्येक ठिकाणी न्यायालयाने यूएनएचसीआरच्या निर्णयाचा किंवा संभाव्य निर्णयाचा आधार घेतला आहे. कार्ड हाती असेल किंवा मिळण्याची शक्यता असेल, तर न्यायालय हात देते. ही काठी यूएनएचसीआरनेच काढून घेतली असेल, तर न्यायालय कशाच्या आधारे उभे राहणार? ज्या न्यायशास्त्राने आजवर हजारोंना तारले, तेच न्यायशास्त्र नकार मिळालेल्या माणसाच्या दारापाशी येऊन थांबते.

आणि आता तर कार्डाचेही मोल घटत चालले आहे. ८ एप्रिल २०२१ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने जम्मूत ताब्यात घेतलेल्या रोहिंग्यांची हकालपट्टी थांबविण्यास नकार दिला. समानतेचा आणि जीविताचा हक्क सर्व व्यक्तींना आहे. परंतु हद्दपार न होण्याचा हक्क हा देशात राहण्याच्या हक्काला जोडलेला असून तो केवळ नागरिकांना आहे, असे त्या आदेशाचे सूत्र होते. मात्र विहित कार्यपद्धती पाळल्याशिवाय कोणाला हद्दपार करू नये, असेही त्याच आदेशात म्हटले आहे. मे २०२५ मध्ये दिल्लीतील रोहिंग्यांच्या बाबतीत केंद्राने याच आदेशाचा हवाला दिला आणि हकालपट्टीला स्थगिती मिळाली नाही. त्याच महिन्यात एका श्रीलंकन तमिळाच्या प्रकरणात, भारत म्हणजे काही धर्मशाळा नव्हे, असे तोंडी उद्गार सर्वोच्च न्यायालयात निघाले. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याची जागा नव्या स्थलांतर व परदेशी नागरिक कायद्याने घेतली. आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी नव्या कायद्यातही त्या माणसावरच आहे. त्यासोबत निघालेल्या सूट आदेशात तिबेटींचा, ठरावीक तारखेपर्यंत आलेल्या नोंदणीकृत श्रीलंकन तमिळांचा आणि तीन शेजारी देशांतील अल्पसंख्याकांचा उल्लेख आहे. नागरिकत्वहीन पॅलेस्टिनी यांपैकी कोणत्याच रकान्यात बसत नाही.

सरकारची बाजू हलकी समजण्याचे कारण नाही. परदेशी माणसाला देशात राहू द्यावे की नाही हा सार्वभौम सत्तेचा अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये हान्स म्युलर प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले आणि १९९१ मध्ये लुई डी रेड्ट या बेल्जियन मिशनऱ्याच्या प्रकरणात पुन्हा सांगितले. भारताच्या सीमा लांब आणि शेजार अस्थिर आहे. १९४७ आणि १९७१ मध्ये या देशाने जेवढ्या निर्वासितांना सामावून घेतले, तेवढ्यांची कल्पनाही श्रीमंत पाश्चात्त्य देशांना करवत नाही. आज हेच देश आपल्या किनाऱ्यावर आलेल्या होड्या परतवतात आणि भारताला मात्र करारावर सही करण्याचा उपदेश करतात. या ढोंगाविषयी गृह आणि परराष्ट्र मंत्रालयांत असलेला राग समजण्याजोगा आहे. आश्रयाचा हक्क कायद्यात लिहिला की त्याचा गैरवापर होईल, सुरक्षेचे प्रश्न न्यायालयात चव्हाट्यावर येतील आणि शेजाऱ्यांशी संबंध बिघडतील, या भीतीतही तथ्य आहे.

परंतु या सर्व युक्तिवादांत एक गफलत आहे. न्यायालयीन पुनर्विलोकन म्हणजे आश्रय देण्याचा हुकूम नव्हे. न्यायालय अशा प्रकरणात ‘याला ठेवून घ्या’ असे सांगत नाही. ‘याचे ऐकून घ्या, कारणे लिहा आणि मग निर्णय घ्या’ एवढेच सांगते. प्रशासकीय अधिकाऱ्याने आपल्या निर्णयाची कारणे नोंदविली पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० मध्ये एस. एन. मुखर्जी प्रकरणात सांगितले. आदेशात जी कारणे लिहिली असतील त्यांच्यावरच आदेश तरेल किंवा बुडेल, मागाहून प्रतिज्ञापत्रात नवी कारणे जोडता येणार नाहीत, हे मोहिंदरसिंग गिल प्रकरणाने १९७७ पासून आपल्याला शिकविले आहे. मंत्रालयांत नोटिंग लिहिणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला हे नियम पाठ असतात. जमिनीच्या तंट्यात, बढतीच्या वादात, निविदेच्या छाननीत आपण ते बिनचूक पाळतो. माणसाला विमानात बसवून अज्ञातात धाडण्याच्या निर्णयालाच त्यांतून सूट का असावी?

जगात याच प्रश्नावर न्यायालये कशी झगडली, ते पाहण्यासारखे आहे. कुवेतमध्ये जन्मलेला एक पॅलेस्टिनी २००० च्या अखेरीस होडीतून ऑस्ट्रेलियात पोचला. त्याचा आश्रयाचा दावा फेटाळला गेला आणि न्यायालयीन दादही निष्फळ ठरली. तेव्हा त्याने स्वतःच ‘मला परत पाठवा’ अशी लेखी विनंती केली. त्याला घ्यायला कोणताही देश तयार होईना. मग जोवर घेणारा देश सापडत नाही, तोवर त्याला कोठडीत ठेवता येईल का, असा प्रश्न तेथील सर्वोच्च न्यायपीठापुढे आला. ६ ऑगस्ट २००४ रोजी अल् कातेब प्रकरणात चार विरुद्ध तीन मतांनी उत्तर आले : होय, बेमुदत. या निकालाने ऑस्ट्रेलियातील न्यायविदांना जवळपास वीस वर्षे अस्वस्थ ठेवले. ८ नोव्हेंबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने तो निकाल एकमताने मोडीत काढला. ज्याला बाहेर पाठविणे नजीकच्या काळात शक्यच नाही, त्याला कोठडीत ठेवणे ही शिक्षाच होते आणि शिक्षा देण्याचा अधिकार सरकारला नसून न्यायालयाला आहे, असे त्यामागचे तर्कशास्त्र होते. ज्याच्या याचिकेवर हे घडले तो म्यानमारचा एक नागरिकत्वहीन रोहिंग्या होता, हे दिल्लीने विशेष लक्षात घ्यावे.

युरोपातील वादाचे स्वरूप निराळे आहे. पॅलेस्टिनींसाठी १९४९ मध्ये स्वतंत्र मदत संस्था स्थापन झाली. ती जॉर्डन, लेबनॉन, सीरिया, पश्चिम किनारा आणि गाझा या पाच क्षेत्रांत काम करते आणि आज तिच्याकडे सुमारे ५९ लाख पॅलेस्टिनींची नोंद आहे. ज्यांना या संस्थेचे साहाय्य मिळते त्यांना १९५१ चा करार लागू नाही; मात्र ते साहाय्य ‘कोणत्याही कारणाने’ थांबले, तर कराराचे संरक्षण आपोआप मिळते, असे त्या करारातील एक कलम सांगते. या शब्दांवर युरोपात वर्षानुवर्षे खटले चालले. २०१२ मध्ये युरोपीय न्यायालयाने निर्वाळा दिला, की ज्याला जिवाच्या भीतीने आणि स्वतःच्या इच्छेविरुद्ध ते क्षेत्र सोडावे लागले, त्याचे साहाय्य थांबलेच असे समजावे. जून २०२४ मध्ये गाझातून बल्गेरियात गेलेल्या एका आईच्या आणि मुलाच्या प्रकरणात तेच न्यायालय आणखी पुढे गेले. मदत संस्था माणसाला किमान सन्मानाने जगण्याची स्थिती देऊ शकत नसेल, तर तिचे संरक्षण संपले असेच मानावे, असे त्याने म्हटले. याउलट ब्रिटनच्या अपील न्यायालयाने २००८ मध्ये म्हटले होते, की पश्चिम किनाऱ्यावरील नागरिकत्वहीन पॅलेस्टिनीला इस्रायलने परत येऊ दिले नाही, एवढ्यानेच त्याचा छळ झाला असे होत नाही. म्हणजे तेथेही निकाल नेहमीच पॅलेस्टिनींच्या बाजूने लागले असे नाही. परंतु जिंकणाऱ्याला आणि हरणाऱ्याला, दोघांनाही आपले म्हणणे ऐकणारा न्यायाधीश मिळाला. मतभेद कायद्याच्या अर्थाविषयी होता, कायद्याच्या अस्तित्वाविषयी नव्हता.

भारताच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेला १९७४ मध्ये मान्यता देणारा भारत हा अरब जगाबाहेरचा पहिला देश, आणि नोव्हेंबर १९८८ मध्ये पॅलेस्टाईन राष्ट्राला मान्यता देणाऱ्या पहिल्या देशांपैकी एक. या मान्यतेचा एक विचित्र परिणाम संभवतो. भारतीय अधिकाऱ्याच्या लेखी पॅलेस्टाईन हे राष्ट्र आहे. तेव्हा समोरचा पॅलेस्टिनी नागरिकत्वहीन कसा, असे त्याला वाटू शकते. परंतु राष्ट्राला मान्यता देणे आणि एखाद्या माणसाला त्या राष्ट्राचे नागरिकत्व असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बैरुतच्या छावणीत जन्मलेल्या आणि लेबनॉनने निर्वासित म्हणून दिलेल्या प्रवासपत्रावर फिरणाऱ्या माणसाला रामल्लाचे दार उघडे नाही, कारण त्या दाराची किल्ली इस्रायलच्या हाती आहे. अर्जातील ‘राष्ट्रीयत्व’ या रकान्यात ‘पॅलेस्टाईन’ असा शब्द पडला, की त्या माणसाची खरी अवस्थाच फाईलमधून पुसली जाते. उपकाराच्या भावनेने दिलेली मान्यता अशा वेळी उलट त्याच्यावरच बेतू शकते.

नागरिकत्व नसलेल्याला कोठे पाठवायचे हे न कळल्याने काय होते, याचे उदाहरण दिल्लीतच आहे. शहराच्या उत्तर टोकाला, नरेलाजवळ लामपूर येथे हकालपट्टीची वाट पाहणाऱ्या परदेशी नागरिकांना ठेवतात. बेकायदा प्रवेशाची शिक्षा भोगून झाल्यावरही कोणताच देश आपला म्हणत नसल्याने वर्षानुवर्षे कोठडीत राहिलेल्या एका माणसाचे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. तो कोणाचाच नागरिक नाही, हे वास्तव स्वीकारून त्याला ओळखीचा कागद देण्याचा मार्ग २०१४ मध्ये न्यायालयाच्या हस्तक्षेपामुळे खुला झाला. त्या वेळी सरकारला ही वाट कायद्यात सापडली. ती सापडेपर्यंत त्या माणसाची वर्षे मात्र गेली. त्यातच, ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेल्या मुलाच्या आईवडिलांपैकी एक जरी बेकायदा स्थलांतरित असेल, तरी त्या मुलाला जन्माने नागरिकत्व मिळत नाही. म्हणजे नकाराचे पत्र बापाला मिळते आणि त्याची शिक्षा दिल्लीतच जन्मलेले मूल भोगते.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने लंडनस्थित पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि एका रात्रीत या माणसांचे सरकार नाहीसे झाले. त्यांतील अनेकांची गावे तोवर सोव्हिएत संघात गेली होती. परत जाण्याजोगे घर त्यांना उरले नव्हते. त्या वेळी ना १९५१ चा करार होता, ना यूएनएचसीआर. तरीही त्यांना कोणी सीमेवर नेऊन सोडले नाही. पुढची व्यवस्था लागेपर्यंत पंचगंगेच्या काठी त्यांच्या शाळा आणि प्रार्थनाघरे चालू राहिली. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी वॉर्सातील कोल्हापूर स्मारकाला अभिवादन केले. ज्या परंपरेचा परदेशात अभिमानाने उल्लेख होतो, तिची एखादी ओळ मायदेशाच्या कायद्यातही असावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

करोल बागेत सोने गाळणारा विटा-आटपाडीकडचा गलाई कारागीर असो, की कस्तुरबा गांधी मार्गावरील महाराष्ट्र सदनात उतरणारा अधिकारी. दोघेही या शहरात बाहेरचेच. परंतु दिल्लीने उद्या पाठ फिरवली तरी दोघांनाही गावाकडे सातबाऱ्यावर नाव आहे आणि मतदार यादीत घर क्रमांक आहे. आपल्याला परत जाता येते, ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरतो की तिची किंमत कळत नाही. ती किंमत ज्याच्याकडे परतीचे ठिकाणच नाही, त्यालाच ठाऊक असते.

मार्ग कठीण नाही आणि त्यासाठी आंतरराष्ट्रीय करारावर सही करण्याचीही वाट पाहावी लागत नाही. निर्वासित असल्याचा दावा करणाऱ्या परदेशी नागरिकांसाठी गृह मंत्रालयाने २०११ मध्ये कार्यपद्धती ठरविली आणि २०१९ मध्ये ती सुधारली. वंश, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळाची भीती साधार दिसली, तर राज्य वा केंद्रशासित प्रदेशाने दीर्घ मुदतीच्या व्हिसाची शिफारस करावी, असे ती सांगते. हा व्हिसा मिळाला तर खासगी नोकरी आणि शिक्षण यांची वाट खुली होते. म्हणजे सरकारच्या स्वतःच्या कार्यपद्धतीत १९५१ च्या कराराचा गाभा आधीच आहे. उणीव आहे ती दोन गोष्टींची : नकार देताना सकारण लेखी आदेश देण्याचे बंधन आणि त्या आदेशावर स्वतंत्र अपील.

या दोन गोष्टी कायद्याने दिल्या पाहिजेत. यूएनएचसीआरने नकार दिला तरी सरकारने स्वतःचा निर्णय स्वतः घ्यावा. त्या संस्थेच्या पत्राला पुरावा मानावे, निकाल मानू नये. निवृत्त जिल्हा न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत एक छोटे अपील मंडळ नेमावे. देशाच्या सुरक्षेची माहिती बंद लिफाफ्यात पाहण्याचा अधिकार त्याला द्यावा. परंतु त्या माहितीचा गोषवारा अर्जदाराला कळल्याशिवाय तिच्या आधारे निर्णय होऊ नये. कोणत्याही देशाचे नागरिकत्व नाही असा दावा असेल, तर तो आधी तपासावा आणि मगच हकालपट्टीचा विचार व्हावा. घेणारा देश ठरावीक मुदतीत सापडला नाही, तर कोठडी संपून अटींवर मुक्तता व्हावी. यानंतरही नकार कायम राहिला तर तो पाळावा लागेल; सर्वांनाच आश्रय मिळेल, असे कोणी म्हणत नाही. सार्क देशांसाठी आदर्श निर्वासित कायद्याचा मसुदा माजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या नेतृत्वाखाली १९९७ मध्येच तयार झाला होता. संसदेत खासगी विधेयकेही आली. मसुदे आहेत, इच्छा नाही.

अशा कायद्याचा लाभ पॅलेस्टिनींना किती होईल? त्यांची दिल्लीतील संख्या नेहमीच लहान राहिली आहे. परंतु कायद्याची परीक्षा संख्येने होत नाही. ज्याच्या मागे मतदारसंघ नाही, वकिलात नाही आणि परत नेणारे विमानही नाही, अशा माणसाशी राज्यसंस्था कशी वागते, यावरून तिची प्रत ठरते. गाझातील युद्धानंतर आणि जानेवारी २०२५ पासून इस्रायलने मदत संस्थेवर आणलेल्या बंदीनंतर नागरिकत्वहीन पॅलेस्टिनींपुढील दारे आणखी बंद झाली आहेत. त्यांतील एखादा उद्या दिल्लीच्या विमानतळावर उतरला, तर त्याला आश्रय मिळो वा न मिळो; आपल्याला नकार कोणी दिला, का दिला आणि त्याविरुद्ध दाद कोठे मागायची, एवढे तरी त्याला कळले पाहिजे. ज्या देशाची राज्यघटना नागरिकाआधी व्यक्तीचा विचार करते, त्या देशाला हे जड जाऊ नये.